सरूकाकूच्या नावाची फाईल

ही गोष्ट मी आजवर कुणालाच सांगितलेली नाही. बायकोला नाही, भावाला नाही. देवापुढं हात जोडून उभा राहिलो तरी हा विषय शिताफीनं टाळत आलोय — जशी काही त्याला खबरच नाही! दोन-तीनदा अगदी ओठांवर आली होती, तेव्हा मी चहा मागवला आणि कापसाच्या भावावर बोलायला लागलो. तुम्हाला सांगतो, कारण तुम्ही माझा आवाज ऐकलेला नाही. आमच्या गावात तो रोज सकाळी ऐकतात. आणि तो माझा आहे हे कुणालाच माहीत नाही. लोक म्हणतात, कोतवाल बोलून राह्यला. कोतवालाला जाऊन बारा वर्षं झाली.

थांबा. असं एकदम सांगून तुम्हाला काय कळणार?

जळगाव जामोदहून सातपुड्याकडं निघालं की आमचं गाव लागतं. गावात नळ आहेत, पण नळाला पाणी आठ दिवसांनी. तेही पाळीपाळीनं — आज माळीपुरा, उद्या बारीपुरा, परवा टेकडीपुरा. पाळी चुकली की आठ दिवस हापशीचं खारं पाणी. म्हणून पाणी सुटल्याची दवंडी आमच्याकडं फार मोलाची. ही दवंडी द्यायचा किसनबाबा कोतवाल. आधी डफडं वाजवत गल्लोगल्ली फिरायचा. मग पंचायतीनं पाण्याच्या टाकीवर भोंगा बसवला, तेव्हा माईकवर बोलायला लागला. खर्जातला, भरदार आवाज. प्रत्येक पुऱ्याचं नाव घेण्याआधी एक छोटा खोकला — बिडीचा. तो खोकला ऐकला की बायका पाण्याचे गुंड उचलायच्या, पुऱ्याचं नाव नंतर.

पुढं त्याला दम पुरेना. तेव्हा पंचायतीत गजू म्हणून कॉम्प्युटरवाला होता, माझ्या आधीचा. हुशार पोरगा. त्यानं एका जुन्या कॉम्प्युटरवर लिनक्स घातलं — विंडोजसारखंच, पण फुकटचं म्हणून — आणि चार दिवस किसनबाबाला समोर बसवून त्याचा आवाज तुकड्या-तुकड्यांनी भरून घेतला. पुऱ्यांची नावं, वेळा, 'पानी सुटलं', 'पानी उद्यावर गेलं', ग्रामसभा, पोलिओचा डोस, कुणाची मयत. पाणी सोडणारा सुखदेव आकडा दाबायचा, मशीन ते तुकडे जोडायची आणि टाकीवरून कोतवाल बोलायचा. मग गजू पुण्याला नोकरीला गेला आणि त्याच्या खुर्चीवर मी बसलो.

त्याच वर्षी किसनबाबा गेला. पहाटेच. सुखदेवाला पत्ता नव्हता. त्यानं सवयीनं सहा वाजता आकडा दाबला. आम्ही अंगणात बसलेलो. बायका रडत होत्या. अंगणात किसनबाबा, तोंडावरून चादर ओढलेला. आणि टाकीवरून खोकला आला. मग त्याचाच आवाज — टेकडीपुरा, पानी सुटलं हो, पानी सुटलं.

रडणं बंद झालं. सगळं अंगण गप्प. अशी शांतता मी पुन्हा कधी ऐकली नाही — नाही, ऐकली, एकदा. ते पुढं येईलच. तर त्या शांततेत किसनबाबाची बायको, सरूकाकू, उठली. पदर सावरला, कोपऱ्यातला गुंड उचलला आणि नळावर गेली. घर टेकडीपुऱ्यातलंच ना! चाळीस वर्षांची सवय. कुणी तिला अडवलं नाही. तिनं भरून आणलेल्या पाण्यानंच किसनबाबाला शेवटची आंघोळ घातली.

नंतर गावात कुजबुज झाली. मेलेल्या माणसाचा आवाज रोज ऐकायचा म्हणजे काय? अपशकुन नाही का? पण सरूकाकू सरपंचांकडं गेली आणि म्हणाली, 'राहू द्या तेव्हढा.' तिला मूलबाळ नव्हतं. मग कोण नाही म्हणणार? आवाज राहिला.

आता एक गोष्ट सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आमच्याकडं जुन्या माणसांत नवरा बायकोला नावानं हाक मारत नाही. पोर असलं तर 'गण्याची माय' म्हणायचं. या दोघांना पोर नव्हतं, म्हणून किसनबाबा तिला आयुष्यभर 'अवं' म्हणत आला. अवं, पानी आन. अवं, कुठं गेली? अख्ख्या गावाची नावं पुकारणारा माणूस — कुणाच्या घरी लग्न, कुणाच्या घरी मयत — आणि घरातलं एक नाव कधी तोंडातून काढलं नाही. सासरी आल्यापासून तिला सरू म्हणणारं कुणी उरलंच नव्हतं. आम्ही म्हणायचो सरूकाकू, पण त्यात काकूच जास्त.

मला एक खोड आहे — नको ते काढून टाकायची. घरात जुनी वही दिसू द्या, तुटकी छत्री दिसू द्या, माझा हात शिवशिवतो. बायको म्हणते, एक दिवस मलेही काढून टाकान तुम्ही. कॉम्प्युटरच्या बाबतीत तर विचारूच नका. गजूचं ते लिनक्स जुनं आणि जड. रंगीत खिडक्या, चित्रं, पत्त्यांचे डाव! पाण्याची दवंडी द्यायला पत्त्यांचे डाव कशाला? मशीन सुरू व्हायला पंधरा मिनिटं. सुखदेव बटण दाबून बिडी ओढायला जायचा, परत यायचा, तरी ते फिरतच असायचं. दोनदा तर पुकारा होईपर्यंत माळीपुऱ्याचं पाणी येऊन गेलं. बायका घागरी घेऊन पंचायतीवर आल्या. सरपंच म्हणाले, नवीन मशीन घ्या. आणि मी — मीच — छाती काढून म्हणालो, नवीन कशाला? मी यालाच हलकं करतो. लिनक्सची एक मिनिमल जात असते. आत काही म्हणजे काहीच नाही. काळा पडदा, पांढरी अक्षरं. लागेल तेवढंच वर ठेवायचं.

मशीन खोलायच्या आदल्या दिवशी सरूकाकू आली होती. ती पंचायतीचं अंगण झाडायची. झाडून झालं तशी दारात उभी राहिली. 'दिनू, तू मशीन खोलून राह्यला म्हने. त्यायचा आवाज तेव्हढा जपजो रे बापू. मले त्याच्याबिगर काही नाही.'

मी म्हणालो, काकू, काळजीच करू नका. मान वर न करता म्हणालो — मी मोबाईल पाहत होतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी बसलो. सगळे आवाज एका फोल्डरमध्ये होते. त्या फोल्डरचा एक गठ्ठा बांधला — सुट्या फायली न नेता आम्ही असाच गठ्ठा बांधून नेतो — आणि पेन ड्राइव्हवर घेतला. पडद्यावर गठ्ठ्याचं वजन दिसलं. अगदीच किरकोळ. बासष्ट आवाज, आणि एका फोटोएवढंही वजन नाही. मी ते पाहिलं. नीट ऐका — मी ते पाहिलं. दिसलंच नाही असं म्हणायची सोय मला नाही. आणि मला काय वाटलं? वाटलं, वा! हलकं आहे, बरं झालं. एक फाईल उघडून ऐकायला किती वेळ लागला असता? दोन सेकंद?

मग मी डिस्क पुसली. नुसती पुसली नाही, या टोकापासून त्या टोकापर्यंत शून्यांनी भरून काढली. ही माझी पद्धत — शेणानं सारवल्यासारखी स्वच्छ जमीन पाहिजे मला. दोन-अडीच तास शून्यं भरली जात होती आणि मी पाय वर घेऊन चहा पीत होतो. नवं लिनक्स चढायला वीस मिनिटं लागली. अर्ध्या मिनिटात मशीन उभी! मी स्वतःशीच हसलो. गठ्ठा सोडला आणि फोल्डर उघडून पाहिला.

बासष्टच्या बासष्ट नावं लाल.

गजूच्या त्या फोल्डरमध्ये आवाज नव्हतेच हो. जागा पुरेना म्हणून त्यानं खरे आवाज डिस्कच्या दुसऱ्या भागात ठेवले होते आणि फोल्डरमध्ये ठेवली होती नुसती बोटं — 'आवाज तिकडं आहे' एवढंच सांगणारी. लिनक्समध्ये असं सर्रास करतात. माझ्यासारख्याला ते माहीत नव्हतं असंही नाही. मी गठ्ठ्यात बोटं बांधून घेतली, आणि ती ज्याकडं दाखवत होती ते दुपारभर चहा पीत पुसलं. बोट असेल आणि समोर काही नसेल तर लिनक्स ते नाव लाल दाखवतं.

मी एकेक लाल नाव वाचत गेलो. माळीपुरा. बारीपुरा. टेकडीपुरा. सहा वाजता. सात वाजता. मयत. सगळी ओळखीची. शेवटचं एक ओळखीचं नव्हतं — इंग्रजी लिपीतली चार अक्षरं, सरू. कुठल्याच दवंडीत ते लागत नव्हतं. इतके महिने ते तिथंच होतं आणि मी कधी लावून पाहिलं नव्हतं.  

गजूला फोन केला. सहज विचारतोय असं दाखवून. तो म्हणाला, 'हाव, ते त्यायनंच भरलं. मले बटन कोन्तं ते इचारलं आन खोलीच्या भायेर पाठवलं. काय बोलले काय माहीत! तू आयकलं नाही का बे?' मी म्हणालो, ऐकलं ना. झालं, पहिलं खोटं तिथंच.

सकाळी माळीपुऱ्याची पाळी होती. आता काय करायचं? सरपंचांना सांगायचं? सरूकाकूला? मी काय केलं ते ऐका. लहानपणी आम्ही पोरं किसनबाबाच्या डफड्यामागं फिरायचो, त्याची नक्कल करत. सगळ्यात हुबेहूब माझी. एकदा त्याच्या तोंडावरच केली, तर रागावला नाही. हसला आणि म्हणाला, 'मी मेलो का तूच पुकारजो बे.' हे मी सबब म्हणून सांगत नाही. पण त्या संध्याकाळी दार लावून, तोंडापुढं रुमाल धरून माईकसमोर बसलो तेव्हा मला तेच आठवत होतं. मी माळीपुरा म्हणालो. पानी सुटलं म्हणालो. परत लावून ऐकलं. हुबेहूब! फक्त खोकला नव्हता. तो मी घेतलाच नाही. नको ते काढून टाकायची खोड, दुसरं काय?

सकाळी भोंगा बोलला. माळीपुऱ्याच्या बायकांनी घागरी उचलल्या, पाणी भरलं. कुणाला कळलं नाही. भोंग्यात सगळ्यांचाच आवाज थोडा घोगरा होतो. आठवड्याभरात मी उरलेले सगळे तुकडे भरून टाकले. सगळे म्हणजे एकसष्ट.

चार दिवसांनी सरूकाकू झाडू घेऊन दारात आली. तोंडभर हसत होती. 'दिनू, त्यायचा खोकला गेला रे. तिकडे बरं वाटून राह्यलं असन त्यायले.'

मी म्हणालो, हो काकू, असेल.

सव्वीस जानेवारीला मला शाल आणि नारळ दिला. जुन्या मशीनमध्ये जीव ओतला म्हणून. जीव! सरपंचांनी हाच शब्द वापरला. सरूकाकू पुढच्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होती. शाल मी घेतली, अजून कपाटात आहे. ती मात्र काढून टाकावीशी वाटत नाही, बघा.

मग किसनबाबाचं वर्षश्राद्ध आलं. दुपारी सगळे जेवून गेल्यावर सरूकाकू पंचायतीत आली. धुतलेलं लुगडं, नीट विंचरलेले केस. हातात ताट, त्यावर फडकं — कढी, वडे, खीर. ताट माझ्यापुढं ठेवलं आणि पहिल्यांदाच खुर्चीवर टेकली. 'ते म्हने, वर्ष होऊ दे. वर्षाच्या आत आयकशीन तं रडत बसशीन. वर्ष झालं का पंचायतीत जाजो आन सांगजो, माह्या नावाची लाव. तं लाव आता.' आणि पदर डोक्यावर घेऊन ती भोंग्याकडं नाही, माझ्या कॉम्प्युटरकडं पाहत बसली. बांगड्या हलू नयेत म्हणून एका हातानं दुसऱ्या हाताचं मनगट धरलं होतं.

एक वर्ष ती यासाठी थांबली होती. कुणालाही न सांगता नाही — नळावरच्या सगळ्या बायकांना तिनं सांगितलं होतं, माह्यासाठी बोलून ठेवलं हाय त्यायनं. मलाच तेवढं माहीत नव्हतं.

मी म्हणालो, काकू, आज लाइटीचा घोळ आहे. उद्या या.

ती गेली. मी दार लावलं. ॲम्प्लिफायर बंद आहे ना, दोनदा पाहिलं. माईक पुढं घेतला, रुमाल धरला. एकसष्ट केले तसा बासष्टावा. त्यात काय? किसनबाबाचा गळा माझ्या गळ्यात आता बसलाच होता. मी म्हणालो, सरू. आणि थांबलो. पुढं काय म्हणायचं? चाळीस वर्षं जिला 'अवं' म्हटलं तिला माणूस मरणाआधी दार लावून काय सांगतो? माफी मागतो? पैसे कुठं ठेवलेत ते सांगतो? नुसतं नाव घेऊन गप्प बसतो? मी तिथं पंधरा-वीस मिनिटं बसलो असेन. काही सुचलं नाही. मग जेवढं भरलं होतं तेवढं लावून ऐकलं.

आधी खोकला आला. मग — सरू.

मी खोकललो नव्हतो. म्हणजे मला तसं वाटतं. एवढी खोटी कामं केलेल्या माणसाच्या वाटण्यावर तुम्ही किती भरवसा ठेवाल? खुर्चीतून उठून मी मागं पाहिलं. भर दुपार होती, खिडकीतून ऊन आत आलेलं, टेबलावर काकूचं ताट तसंच झाकलेलं. ती फाईल मी लगेच पुसून टाकली. दोनदा अक्षरं चुकली.

दुसऱ्या दिवशी ती आली. मी खरं सांगायचं ठरवलं होतं. ठरवलं होतं हो! पण समोर शाल घेतानाचा माझा फोटो लावलेला, सरपंच शेजारच्या खोलीत बसलेले. मी म्हणालो, 'काकू, सगळं शोधलं. तुमच्या नावाचं काही नाही.'

'काहीच नाही?'

'नाही.'

'नाव बी नाही घेतलं?'

'नाही.'

 ती 'बरं' म्हणाली, कोपऱ्यातला झाडू घेतला आणि अंगण झाडायला लागली. सकाळी झाडलेलंच अंगण. मी आतून त्या झाडूचा आवाज ऐकत होतो.

आवाज हरवला ही चूक झाली असं मी म्हणू शकतो. खोटा आवाज भरला त्यालाही काहीतरी नाव सापडेल. पण या 'नाही'ला काय म्हणू? किसनबाबानं तिच्यासाठी काहीतरी ठेवलं होतं, आणि मी त्याला त्याच्या बायकोपुढं खोटं पाडलं. तो बिचारा उलटून बोलणार होता का?

पुढच्या वर्षी तिनं श्राद्ध घातलं नाही. पितृपाटातही पान वाढलं नाही. नळावर बायकांनी विचारलं तर म्हणाली, 'जितेपनी नाव घेतलं नाही, मेल्यावर काय घेतीन? मीच येडी.' आधी भोंगा बोलला की ती दाराच्या चौकटीला हात लावून उभी राहायची, बोलणं संपेपर्यंत. आता भोंगा बोलला की आत जायची आणि दार ओढून घ्यायची. टेकडीपुऱ्याच्या पाळीला मात्र यावंच लागायचं, पाणी भरायला. मान खाली घालून यायची. मी टाकीखालून जाताना हे पाहायचो. एकदा नाही, अकरा वर्षं पाहिलं.

आणि मी रोज बोलत होतो. माझ्याच आवाजातला किसनबाबा रोज सकाळी तिच्या बंद दारावर आदळत होता. कधीकधी घरात पोरांवर ओरडताना माझ्या तोंडून तोच खर्ज निघायचा. बायको दचकून बघायची. म्हणायची, असे काऊन बोलता?

मागल्या हिवाळ्यात सरूकाकू अंथरुणाला खिळली. मी भेटायला गेलो. शेजारच्या शांतामावशी तिचं करत होत्या. काकू बारीक झाली होती, पण डोळे साफ. माझा हात धरून म्हणाली, 'दिनू, काल खोकले ते.'

मी म्हणालो, कोण काकू?

'ते. सकाळी. नाव घ्यायच्या आंधी खोकले. पुन्हा बिमार पडले वाटते. कोन पाहत असन रे त्यायले तिकडे?'

अकरा वर्षांचा राग गेला होता. नुसती काळजी होती डोळ्यांत. मी पंचायतीत जाऊन सगळे एकसष्ट तुकडे कानाला लावून ऐकले. एकातही खोकला नाही. मशीनमध्ये काही म्हणजे काही जास्तीचं नाही — मीच तर काढलेलं सगळं. दोन दिवसांनी ती पुन्हा म्हणाली, आजबी खोकले. शांतामावशींनाही ऐकू आला होता म्हणे. मी उशी नीट केली. तेव्हा तरी सांगता आलं असतं ना? खोलीत आम्ही दोघंच होतो. शांतामावशी चहा करायला गेल्या होत्या. मी उशी नीट केली आणि घरी आलो.

ती गेली त्या सकाळी सरपंचांचा फोन आला, 'मयतीचं पुकार.' मयतीच्या दवंडीचे तुकडे मशीनमध्ये आहेत — 'दुःखद बातमी', 'अंत्ययात्रा', वेळ. मध्ये नाव तेवढं माईकवर मीच घेतो, माझ्या साध्या आवाजात, पूर्ण नाव, नवऱ्याच्या नावासकट. दरवेळी तसंच करतो. पहिला तुकडा वाजला. मी माईकचं बटण दाबलं. आणि घशात खोकला आला. मी खोकललो. मग माझ्या तोंडून आलं — सरू.

किसनबाबाच्या आवाजात. तेवढंच. पूर्ण नाव घेतलंच नाही. माईकचं बटण सोडलं, तसे मशीननं आपोआप पुढचे तुकडे लावले. ठरवून केलं नाही असं म्हणालो तर तीही सबबच होईल. केलं असेन ठरवून.

तिच्या अंगणात पोचलो तेव्हा रडणं बंद होतं. तीच शांतता. सगळे टाकीकडं तोंड करून उभे होते, काही बायकांनी हात जोडलेले. कुणी माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. आजही गावात ते सांगतात — कोतवालानं शब्द पाळला, बायकोला न्यायला आला, नावानं हाक मारली. बाहेरगावच्या पाहुण्यांना टाकी दाखवतात. मी तिथं असलो तर मान हलवतो.

शांतामावशी तेवढ्या काकूच्या उशाशी बसल्या होत्या. तिच्या कपाळावरून हात फिरवत तिलाच सांगत होत्या, 'घेतलं बाई नाव. घेतलं शेवटी. घडीभर थांबली असती तं आयकलं असतं तू.'

घडीभर. अकरा वर्षं ती ऐकायला होती, टाकीपासून शंभर पावलांवर. तिनं मला विचारलं होतं, नाव बी नाही घेतलं? आणि मी म्हणालो होतो, नाही.